गटाराला वाट नसलेलं घर

आमच्या घरातून गटाराला एकही वाट जात नाही. हे वाक्य मी पूर्वी पाहुण्यांना फार ऐटीत सांगायचो आणि पाहुणे कौतुकानं हसायचे. वडील गेल्यापासून मी ते जपून वापरतो. सांगायचंच झालं तर समोरच्याचा चहा पिऊन होईपर्यंत थांबतो. कारण पुढची गोष्ट ऐकल्यावर आमच्या घरातला चहा कोणी पुरा करत नाही, असा अनुभव आहे.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. आमच्याकडे लोक लग्नाची तारीख काढताना मुहूर्ताबरोबर पाण्याचा दिवसही बघतात. त्या दिवशी घरातलं एक माणूस नळाशी थांबतं, मग बाहेर काहीही होवो. बाकीचे दिवस साठवलेल्या पाण्यावर काढायचे. या जगण्यात प्रत्येक घरी एक कंजूस तयार होतो. आमच्या घरी ते वडील होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर. नोकरी संपल्यावर दुरुस्त करायला माग उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घर दुरुस्तीला काढलं. आंघोळीचं पाणी गटारात जातं, हा त्यांच्या मते घरातला बिघाड होता. परसात त्यांनी विटांचा एक लांबट वाफा बांधला. तळाला मोठी खडी, वर बारीक खडी, त्यावर वाळू, आणि वाळूत कर्दळ. न्हाणीचं आणि भांडी घासायच्या मोरीचं पाणी या वाफ्यातून झिरपून जमिनीतल्या सिमेंटच्या हौदात पडायचं. हौदावर पत्र्याचं झाकण. ते पाणी संडासाला (त्याची टाकी वेगळी), अंगण धुवायला, झाडांना. गच्चीवरचं पावसाचं पाणीही पाइपातून याच हौदात उतरायचं. हौद भरला की वरचं पाणी घराच्या कडेला, दगडगोट्यांनी आणि वाळूनं भरलेल्या खोल शोषखड्ड्यात जायचं. खड्ड्याला लागूनच आमचा बोअर आणि बोअरवर हापसा. हापशाचं तोंड अण्णांनी मुद्दाम गल्लीकडे केलं होतं, कारण नळाचा दिवस चुकला की सगळी गल्ली घागरी घेऊन तिथं यायची.

मग एका सकाळी त्यांनी गटाराकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात सिमेंट भरलं, थापीनं पुसून गुळगुळीत केलं आणि उठून हात झटकले.

"आता हितनं एक थेंब भायेर जाणार न्हाई," ते म्हणाले.

परसाची फरशीसुद्धा त्यांनी उखडून पुन्हा बसवली, सगळा उतार कर्दळीकडे. परसात कुठंही पाणी सांडलं तरी ते शहाण्या जनावरासारखं आपल्या गोठ्याकडे जायचं.

रोज दुपारी चार वाजता अण्णा हौद बघायचे. झाकण उचलण्याआधी काठीनं त्यावर तीनदा वाजवायचे. टण्, टण्, टण्. मग थोडं थांबून झाकण सरकवायचे आणि तीच काठी आत बुडवून किती खाचा भिजल्या ते बघायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, वाजवता कशाला?"

"आत कोण असंल त्याला बाजूला व्हाय नको व्हय?"

आत कोण असणार? झुरळं, पाली, फार तर एखादा बेडूक. पण ते 'कोण' अण्णा असं काही म्हणायचे, की माझी मुलगी शाळेत होती तोवर चार वाजता परसात पाऊल टाकत नव्हती.

श्रावण संपता संपता अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. चार वाजता काठी वाजली नाही म्हणून आई बघायला गेली. तिला तेव्हा कळलं.

आमच्याकडे माणूस गेलं की बाहेर चूल मांडून पाणी तापवतात आणि जाणाऱ्याला उघड्यावर शेवटची आंघोळ घालतात. त्या दिवशी आमच्या घरी नळाचं पाणी उरलं नव्हतं, आणि शेवटच्या आंघोळीला बोअरचं मचूळ पाणी आई घालू देईना. नळाचा दिवस दोन दिवस पुढं होता. गल्लीतल्या प्रत्येक घरानं आपल्या साठ्यातली एकेक घागर आणून दिली. सोलापुरात माणसाला याहून मोठा मान मिळत नाही. पुढच्या अंगणात चपलांचा आणि माणसांचा ढीग, म्हणून आम्ही अण्णांना परसात नेलं. शेजारचे चाचा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, चुलीपाशी पाणी तापवत बसले. आम्ही रडत रडत तांब्यामागून तांब्या ओतला. खूप पाणी ओतलं. अण्णा बघत असते तर ओरडले असते.

ते पाणी कुठं जातंय, हे कोणाच्याही मनात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सावडून परत आलो. बायकोनं हौदातनं बादली भरली, परस धुवायला. मी पायरीवर बसलो होतो. तिनं बादली तिरकी केली, थोडंसं पाणी फरशीवर पडलं, आणि ती तशीच थांबली.

"अहो."

"काय?"

"त्या दिवशीचं पाणी कुठं गेलं?"

"कुठलं पाणी?"

ती नुसती खाली बघत राहिली. मीही बघितलं. फरशीवर पडलेलं पाणी चांगल्या ओळखीच्या वाटेनं निघालं होतं. सांदीतून वळलं, चुलीच्या काळ्या डागाला वळसा घालून पुढं गेलं आणि कर्दळीच्या बुंध्यात शिरलं. तिथून हौदाला. हौदातून तिच्या हातातल्या बादलीत.

बायकोनं बादली इतक्या हळू खाली ठेवली, जशी काही त्यात झोपलेलं मूल होतं.

मागून आई आली. तिनं सगळं ऐकलं होतं. आई माळशिरसकडची, कॅनॉलच्या काठच्या उसातली. लग्न होऊन आली तेव्हा पाण्याचा हिशोब ऐकून तिला हसू आलं होतं म्हणे. तिनं बादली उचलली आणि परत कर्दळीत ओतली. एक थेंब बाहेर पडू दिला नाही.

"आजपासनं या हौदाला कुनी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "त्ये हितंच हायती."

"आई, ते गेले. आपण सकाळी राख सावडून आलो."

"राख गेली. मानूस हितं हाय."

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला. शिवला म्हणजे काय, भटजी बाजूला व्हायच्या आधीच शिवला, इतका वेगानं की पाहुण्यांना नमस्कार करायलाही वेळ मिळाला नाही. मी आईकडे बघितलं: झालं ना समाधान? आई म्हणाली, "कावळ्याला घाई हुती."

आता आमची पंचाईत बघा. हौदात भर घालायची नाही, म्हणून न्हाणी बंद. आणि घरातून गटाराला वाट नाही. आई नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची. मी, बायको आणि मुलगी घमेल्यात बसून आंघोळ करायला लागलो. मग ते घमेलं उचलायचं, दारातून डोकावायचं, गल्लीत कोणी नाही बघून पळत जाऊन समोरच्या गटारात रिकामं करायचं. ज्या घरानं वर्षानुवर्षं गटाराला थेंब दिला नाही, त्या घरातला मोठा मुलगा टॉवेल गुंडाळून चोरासारखा गटारात पाणी टाकत होता. आईनं मला तसं करताना एकदा पकडलं.

"तुमचं पानी तुमी कुटंबी टाका," ती एवढंच म्हणाली.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरीच होतो. दुपारी चहा घेत होतो. परसातून आवाज आला.

टण्.

मी कप खाली ठेवला.

टण्. टण्.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चार वाजलं." तिच्या आवाजात भीती नव्हती. सासरच्या माणसाला चहा टाकताना बाई बोलते तसा तो आवाज होता.

मी नव्या पेठेत कापडाच्या दुकानात काम करतो. साडी उलगडून हवेत उडवायची, ती खाली येईपर्यंत तिची गोष्ट सांगून टाकायची, हा माझा धंदा. भूत हा विषय मला गिऱ्हाइकांना रंगवून सांगायला आवडतो, पण तो माझ्या परसात राहायला आला की मला चालत नाही. दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी काढली आणि कर्दळीच्या मागे दबा धरून बसलो. साडेतीन. पावणेचार. झाकणावर ऊन तापलं होतं. चार वाजत आले तशी शेजारच्या कडुनिंबाची सावली भिंतीवरून उतरली, फरशीवर सरकली आणि झाकणावर चढली. पत्र्याला गारवा लागला, पत्रा आखडला, टण्! मी आनंदानं उडीच मारली. कर्दळीची दोन पानं मोडली.

"आई! सावली! पत्रा आखडतोय! भूतबीत काही नाही!"

आई दारात येऊन उभी राहिली. "मंग तीनदाच का?"

"पत्र्याला तीन पन्हळी आहेत. एकेक आखडते."

"बरं," आई म्हणाली. दुकानात साडी परत करायला आलेली बाई 'बरं' म्हणते, अगदी तशी.

पण त्याच दिवशी मी झाकण उचलून आत बघितलं. हे मी फार कमी लोकांना सांगितलंय. हौदातलं पाणी कधी स्वच्छ नसायचं, त्यात साबणाचा पांढुरका रंग असायचा. त्या दिवशी ते काचेसारखं होतं. तळाचं सिमेंट दिसत होतं. आणि वर माझा चेहरा दिसत होता, फक्त तो माझा नव्हता. गाल खाली आलेले, भुवया पांढऱ्या, तोंड जरा उघडं. अण्णा. मी झाकण टाकलं. पुढच्या खोलीतल्या आरशात जाऊन बघितलं, तर तिथंही तेच होते. पन्नाशी ओलांडल्यावर आपला बाप आपल्याच तोंडावर येऊन बसतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

काठीही आत बुडवली. चार दिवसांपूर्वी बुडवली होती तेव्हा सहा खाचा भिजल्या होत्या. आता सात. न्हाणी बंद, मोरी बंद, पाऊस नाही, आणि पाणी चढत होतं.

इथं मी माझी चूक सांगतो. मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथं मी ही सगळी गोष्ट सांगितली. अभिनयासकट सांगितली. झाकणाचे टोले टपरीच्या बाकड्यावर वाजवून दाखवले. हौदातला चेहरा सांगताना चहावाल्याच्या हातातली किटली थांबली, आणि मला वाटलं, वा, काय रंगली!

दुसऱ्या दिवसापासून हापशावर कोणी आलं नाही. इतकी वर्षं त्याचा 'कुईं खटॅक्, कुईं खटॅक्' ऐकत झोपमोड व्हायची. आता त्याच्या शांततेनं होऊ लागली.

आठवडाभरानं गल्लीतले लोक घरी आले. पुढं मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, गल्लीतलं कुठलंही काम तेच मांडत. बरोबर चाचा आणि दोन बायका. मास्तरांनी मला विज्ञान शिकवल्यासारखं शिकवलं.

"आमचा भुताखेतावर विश्वास नाही. पण विचार करा. पाऊस आता परतीचा येईल. आपल्याकडे खरा पाऊस परततानाच पडतो. गच्चीवरचं पाणी हौदात. हौद भरला की खड्ड्यात. खड्ड्यातून बोअरला. आणि बोअरचं पाणी सगळ्या गल्लीला. मग सांगा, आम्ही कोणाला पिणार?"

बायकांनी पदर तोंडाला लावला. चाचा म्हणाले, "हौ भाई. मय्यत के पानी पे पैर बी नक्को पड़ना बोलते हमारे में. और यहाँ तो पीने का है."

"पाऊस यायच्या आत हौद उपसा," मास्तर म्हणाले. "आम्ही बादल्या घेऊन येतो. रांग लावू आणि गटारात सोडून देऊ."

आई आतून आली. तिनं मास्तरांना नमस्कार केला, बसायला सांगितलं, आणि मग म्हणाली:

"ज्या मानसानं जलमभर एक थेंब गटारात सोडला न्हाई, त्या मानसाला तुमी गटारात सोडताय व्हय, मास्तर?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना बाहेर सोडायला गेलो आणि गेटपाशी हळूच म्हणालो, "रविवारी या. मी आईला समजावतो." परत आत आलो. आई पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि हळूच म्हणालो, "आई, मी कोणाला हात लावू देणार नाही."

दुकानात मी एकच साडी शेवटची म्हणून दोन बायकांना विकलेली आहे. पण दोघी एकाच वेळी काउंटरवर कधी आल्या नव्हत्या.

शनिवारी पहाटे जाग आली. परसात कोणीतरी बोलत होतं. मी उठून दाराच्या फटीतून बघितलं. न्हाणीच्या मोरीपाशी आई उकिडवी बसली होती, समोर पितळी घागर. घागरीतलं पाणी ती तांब्यानं मोरीत ओतत होती, अगदी हळू, सावकाश. नळाचं पाणी होतं ते, पिण्याचं, तिच्या वाट्याचं. आणि बोलत होती.

"थोरल्या वन्संचा फोन आला हुता. रडत हुत्या. म्या म्हनलं रडू नगा. ... सूनबाई काल भाजीत मीठ टाकायचं इसरली. मी बोलले न्हाई. तुमी आसता तर ताट सारलं आसतं की. ... पोरगं हाय तसंच हाय. तोंड काय गप बसत न्हाई."

पाणी मोरीतून गेलं, कर्दळीत शिरलं. खालून हौदात पडल्याचा आवाज आला, कोणीतरी घशातल्या घशात 'हं' म्हणावं तसा.

आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं: खाचा का चढत होत्या, पाणी काचेसारखं का झालं होतं. त्यात साबण जात नव्हता. फक्त आईची रोजची घागर जात होती.

दार वाजलं असावं. तिनं मान वर केली.

"बघितलंस व्हय?"

मी बाहेर आलो. "कधीपासून?"

"तेराव्यापासनं. एकलं पानी लवकर आटतं. म्हून घालते."

"आई, पाच दिवसांनी येतं पाणी. तू तुझं पिण्याचं यात ओततेस? अण्णांनी बघितलं असतं तर ओरडले असते."

"वरडू देत की," आई म्हणाली. "वरडाय तर पायजे ना कुनी."

ती घागर उचलून उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला तिला वेळ लागला.

"पाऊस आला की हौद भरून वाहणार, आई. मग तू घागर घातलीस काय अन् नाही काय."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "तवर तरी."

रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. सूर्य दिसला नाही. दुपारी साडेतीनला मास्तर आले, मागे चाचा आणि बादल्या घेतलेली सात-आठ माणसं. गल्लीतली पोरं कुंपणावर चढली. परसात येऊन बघतात तर आई हौदाच्या झाकणावर पाट टाकून बसलेली, मांडीवर सुपात निवडायला घेतलेले तांदूळ.

"आजी, उठा," मास्तर मऊ आवाजात म्हणाले. "आभाळ आलंय."

"माझ्या लेकानं शबूद दिलाय. कुनी हात लावनार न्हाई."

"मला दिलाय शब्द," मास्तर म्हणाले. "आज उपसायचं म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बायकोनंही. तिनं कपाळाला हात लावला. त्या वेळी मला हवेत उडवायला एक साडी मिळाली असती तर फार बरं झालं असतं.

"मी असं म्हणालो होतो, की..." मी सुरुवात केली.

टण्.

आवाज आईच्या खालून आला.

टण्.

एका बाईच्या हातातली बादली फरशीवर पडून घरंगळली.

टण्.

सकाळपासून ऊन नव्हतं. पत्रा तापला नव्हता. कडुनिंबाची सावली नव्हती. मी माझा सिद्धांत मनात तीनदा तपासून बघितला आणि तीनही वेळा तो नापास झाला. मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं. किती वाजले हे त्यांनी सांगितलं नाही.

आई बसल्या जागी ताठ झाली होती. मला वाटलं ती किंचाळेल. तिनं सूप बाजूला ठेवलं, पाट उचलला आणि झाकणावरून उतरली.

"सरा," ती आम्हा सगळ्यांना म्हणाली. "बाजूला व्हा म्हनत्यात."

तिनंच झाकण सरकवलं. आम्ही वाकून बघितलं. स्वच्छ पाणी, तळाचं सिमेंट, आणि वर दहा-बारा माणसांचे चेहरे दाटीवाटीनं. बेडूक नाही, पाल नाही. काही नाही.

"मी बसले हुते वाटंवर," आई म्हणाली. आमच्याशी नव्हे. "जावा मंग."

पदराचं टोक तिनं हौदात बुडवलं, डोळ्यांना लावलं आणि मागे सरली. "उपसायचं आसंल तर उपसा. न्हाईतर पानी जाईल तिकडं जाऊ द्या. मी आता बसनार न्हाई हितं."

बादलीवाले होते तिथंच राहिले. त्या पाण्यात पहिला हात कोण घालणार? चाचांनी पडलेली बादली उचलून त्या बाईला दिली.

"चलो भाई, चलो. बाल्टियाँ घर कू ले जाओ."

पाऊस त्याच क्षणी आला असता तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती, कोणी विश्वास ठेवला नसता. तो तासाभरानं आला. पण आला तो परतीच्या पावसासारखाच, आडवा, आडदांड. गच्चीवरच्या पाइपातून हौदात धबधबा सुरू झाला. आई मागच्या दारात उभी राहिली. मी खुर्ची आणली, ती बसली नाही. अंधार पडेपर्यंत हौदाचा आवाज बदलत गेला. आधी खोल, मग वरचा, मग अगदी तोंडाशी आल्यासारखा. मग एक लांब घोट घेतल्यासारखं झालं आणि पाणी शोषखड्ड्याकडे वळलं. दगडांतून उतरताना ते कितीतरी वेळ बडबडत होतं.

"गेले," आई म्हणाली आणि आत गेली.

तीन दिवस हापशावर कोणी आलं नाही. मग नळाचा दिवस आला आणि नळाला पाणी आलं नाही. कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली होती. आणखी एक दिवस गेला. गल्लीतली भांडी रिकामी वाजायला लागली. आईनं पहाटेची घागर पावसाच्या दिवसापासून बंद केली होती. आता ती पुढच्या अंगणात बसायची, हापशाकडे बघत. गेले हे खरं. पण कोणी घेतलंच नाही तर ते कुठं गेले, हा प्रश्न तिनं मला विचारला नाही, तरी तो तिच्या तोंडावर होता. मलाही तो रात्रंदिवस सोडत नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी, गल्ली सुनसान असताना, मास्तर घागर घेऊन बाहेर आले. इकडंतिकडं बघितलं. मी टॉवेल गुंडाळून घमेलं नेत असे ना, तसंच बघितलं. हापशाला हात लावला आणि आई उठून उभी राहिली. मास्तर दचकले.

"आजी, मी... घरात प्यायलाही..."

"घागर पुढं घ्या," आई म्हणाली.

तिनं हापसा दोन्ही हातांनी धरला. मी मदतीला गेलो, तिनं मला कोपरानं ढकललं. कुईं खटॅक्, कुईं खटॅक्. दहा-बारा वेळा नुसती हवा, मग पाणी. मास्तर घागरीत पडणाऱ्या धारेकडे बघत उभे होते. घागर काठोकाठ भरली. आईनं ओंजळ धरली, स्वतः एक घोट प्यायली आणि बाजूला झाली. मग मास्तरांनी ओंजळ पुढं केली. प्यायले.

आवाज गल्लीनं ऐकला होता. एकेक दार उघडलं. चाचा आले, त्या दोन बायका आल्या, बादलीवाले आले. आईनं प्रत्येकाची घागर स्वतः भरली. आणि मग मी जे बघितलं ते मी टपरीवर कधी सांगितलं नाही. सगळे लोक आपापल्या घरी परत निघाले. कोणी घाई केली नाही. मान सरळ, पाय जपून, डोळे घागरीच्या काठावर. घरात झोपलेल्या माणसाला उचलून नेतात तसे ते चालत होते. मी गल्लीभर बघितलं. डांबरावर पाण्याचा एकही डाग पडला नव्हता.

शेवटचं दार बंद झालं. आईनं हापशाचा दांडा खाली केला, पदरानं हात पुसले आणि माझ्या बायकोला हाक मारली.

"सूनबाई, माझं अंघुळीचं पानी काढ. न्हाणीतच काढ."